खालचा कप्पा

सिंदेवाहीजवळच्या एका गावात मी मास्तर होतो, त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. तालुक्याला मधमाशीपालनाचं तीन दिवसांचं शिबिर झालं. तिथून मी एक दोन कप्प्यांची पेटी आणली आणि घरामागे पेरूखाली मांडली. मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. पेटी होती, माशा नव्हत्या.

माशा दिल्या त्या गावातल्या एका म्हाताऱ्यानं. जंगलातला मध काढण्यात त्याच्या हाताचं आजूबाजूला नाव होतं. मोहाच्या ढोलीतलं पोळं तो कधी पुरतं काढायचा नाही. चार बोटं राखायचा, म्हणजे माशा जागा सोडत नाहीत. ही त्याच्या बापाची रीत, आणि ढोलीही बापाच्या वेळचीच. तीच त्यानं माझ्यासाठी रिकामी केली. पोळी पेटीतल्या लाकडी चौकटींना केळीच्या सोपटानं बांधली, राणी सापडेपर्यंत अख्खी दुपार बसून राहिला. काऊन एवढं करता, विचारलं, तर म्हणाला, शाळेजवळ असली का लेकरायले पाहाले भेटते.

जाताना एवढंच बोलला, "वरचा कप्पा तुमचा, गुरुजी. खालचा तिचा. पावसाळ्यात खालच्याले हात नका लावजा."

जांभळाच्या फुलोऱ्यावर वरचा कप्पा भरला. तो मध मी काढला, वाटला, कौतुक करून घेतलं. इथवर सगळं सरळ होतं.

आषाढात बायकोचा भाऊ नागपूरहून आला. पत्रांतून मी मधाच्या भरपूर बढाया मारल्या होत्या. जेवता जेवता तो म्हणाला, "भाऊजी, मध पेटीत हाय का नुसता तोंडात?" बायको हसली. मी हात धुतले आणि मागे गेलो. खालचा कप्पा उघडला, अंड्यापिल्लांच्या वरचा मधाचा पट्टा सुरीनं कापला. चौकटीमागून चौकट. चार बोटंही राखली नाहीत. मेहुणा बाटली भरून घेऊन गेला.

मग झड लागली. रानात फूल नाही. अशा वेळी साखरेचा पाक ठेवायचा, हे शिबिरात सांगितलं होतं. आज ठेवू, उद्या ठेवू, यात आठ-दहा दिवस गेले. एका सकाळी उघडीप पडली, तर पेटी गप्प होती. कोरडी पोळी, तळाशी मूठभर मेलेल्या माशा. बाकीच्या उठून गेल्या होत्या.

कापलेल्या चौकटी मी चुलीत घातल्या, म्हातारा यायच्या आत. हे बायकोलाही सांगितलं नाही.

बाजाराच्या दिवशी तो डोकावला. रिकामी पेटी बघून खाली बसला. मी म्हणालो, "राणीच बरोबर नव्हती वाटते, भाऊ."

तो बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. "माझ्याच बोटात दबली असन, गुरुजी."

मी नाही म्हणालो नाही. पुढच्या आठवड्यात तो मधाची बाटली घेऊन आला. तुमचं नुकसान झालं, म्हणाला. मी ती घेतली. आम्ही तो मध भाकरीशी खाल्ला.

पुढच्या उन्हाळ्यापूर्वी शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांनी पेटी आणली. माशांसाठी आम्ही दोघं म्हाताऱ्याच्या घरी गेलो. तो अंगणात बांबू फोडत होता. त्यानं मान वर न करताच नाही म्हटलं.

"ह्या हातानं राणी मरते. गुरुजीले विचारा."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. आता म्हाताराही पाहत होता, साक्षीदाराकडे पाहावं तसा. मी होकारार्थी मान हलवली.

त्यानंतर त्यानं कुणासाठीच माशा उचलल्या नाहीत. पुढे माझी चंद्रपूरला बदली झाली, आणि तो गेल्याचं मला तिथे कळलं. राणीला काही झालेलं नव्हतं. आषाढात सुरी चालवताना मी तिला पाहिलं होतं. चांगली धडधाकट, पोळ्याच्या कडेनं अंडी घालत चालली होती.