तारणहार आणि पऱ्हे

करडीहून भंडाऱ्याला येणाऱ्या एस.टी.त एक बाई माझ्या शेजारी बसली. तिच्या मांडीवर धानाच्या रोपांची, म्हणजे पऱ्ह्यांची, ओली मोळी होती. मोळीचं पाणी माझ्या पुस्तकावर ठिबकत होतं.

"कायचं पुस्तक हाये, भाऊ?"

"जुन्या काळच्या एका ज्यू तारणहाराचं. तो जेरुसलेमला नेणार म्हणून लोकांनी धंदे बंद करून बोचकी बांधली."

"आमच्या महाराजानं सांगतलं, सतयुग येऊन राहिलं, पेरू नका. आमच्या मालकानं पऱ्हेच नाही टाकले! भावाकडून मागून आणले म्या. हे नाही रोवले तं सालभर खाऊ काय?" मोळीवर तिनं बाटलीतलं पाणी शिंपडलं. "मंग, नेलं का त्यानं?"

"तुर्की सुलतानानं त्याला पकडलं. धर्म बदल, नाहीतर मुंडकं उडवतो, म्हणाला. तारणहारानं मुकाट्यानं धर्म बदलला."

"आन् लोकं?"

"बरेच घरी परतले. काही म्हणाले, यातही देवाची काही योजना असेल."

"आमचे मालक त्यातलेच."

तिच्या गावच्या फाट्यावर तिचे मालक उभे होते; पांढरेशुभ्र कपडे, कपाळभर गंध. ती उतरताच ते गंभीरपणे म्हणाले, "महाराजाचा निरोप आला. पुढच्या पुनवेले नक्की."

"बरं झालं जी," ती म्हणाली, "तवरिक रोवणा होऊन जाते आपला." आणि मोळी तिनं त्यांच्या डोक्यावर ठेवली.