थाप पडली की सोडायचं

मैलूरला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा भाडेकरू दिवसा टाइल्सच्या दुकानात असतो आणि संध्याकाळी गच्चीवर एमएमए खेळतो. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं एकात. काहीही बोलायच्या आधी तो मान कडकन मोडतो. त्या खेळात हरणारा समोरच्याच्या अंगावर थाप मारतो आणि थाप पडली की पकड सोडायची, हे त्यानं मला जिन्यात कैकदा ऐकवलंय.

त्यानं जिल्ह्याच्या बॉक्सिंग चॅम्पियनला चारचौघांत आव्हान दिलं, तेव्हा मी चिडलोच. "कामून मरायला जायलास?"

मान मोडून म्हणाला, "निस्त्या ठोशांनी लढतो की, अण्णा. त्याच्याच नियमानं."

आणि गडी लढला! दुसऱ्या फेरीत चॅम्पियन दमून त्याला बिलगला आणि आता सुटूया म्हणून त्यानं पाठीवर हलकीच थाप मारली. आमच्या गड्यानं लगेच दोन्ही हात खाली सोडले. जिंकलो, असं वाटून हसलासुद्धा. पुढचा ठोसा थेट जबड्यावर बसला.

लोक अजून चिडवतात. परवा मीही म्हणालो, "येडा हायस. ही सवय मोड आता."

"न्हाई मोडायची, अण्णा."

"बरं, दाखव तरी तुझी ती पकड."

त्यानं मागून माझ्या गळ्याभोवती हात आवळला. श्वासच अडकला. घाबरून मी त्याच्या दंडावर थाप मारायला गेलो. बोटं नीट टेकायच्या आत माझा गळा मोकळा झाला होता.