ताईच्या शेतावरचं बोलावणं

मंगळवारी दुपारी माझी बहीण वारली. बुधवारी सकाळी तिचं बोलावणं आलं.

फोनच्या पडद्यावर तिचं नाव होतं आणि खाली एक ओळ: ‘तुम्हाला शेतावर बोलावत आहे. येताय ना?’ शेत म्हणजे फोनवरचा एक खेळ. दोन वर्षं ताई तो खेळत होती आणि त्याची निमंत्रणं मला दिवसाला चार-पाच तरी येत. मी एकही स्वीकारलं नव्हतं.

ती कोराडीला वीजकेंद्राच्या कॉलनीत राहायची. भाऊजी गेल्यावर दुपारी तिला फोनचीच सोबत होती. खिडकीत राखेचा पातळ थर, कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास, आणि तिच्या चष्म्याच्या काचांत तरंगणारे हिरवे चौकोन. मी शेजारी वाचत बसलेलो असे. त्या दुपारी कधी संपत, ते कळायचं नाही.

दूधवाला, दातांचे डॉक्टर, रामटेकची विहीणबाई, सगळ्यांनाच ती बोलवायची. लग्नाच्या अक्षता घेऊन निघालं की गल्लीतलं एकही घर सुटता कामा नये, हे ती लहानपणी आईबरोबर फिरून शिकली होती. ‘सर्वांना बोलवायचं?’ असं खेळाने विचारलं की तिला दुसरं उत्तर सुचत नसे.

एकदा मी चिडलो. “काहून वं ताई, लोकं वैतागले ना तुह्या शेतानं!”

“एकाले बोलावलं न् दुसऱ्याले वगळलं, असं करते का कोणी?”

“दातांच्या डॉक्टरलेही?”

“त्यानं म्हटलं तवा मी तोंड उघडलं. आता त्यानं एक बोट दाबलं तं काय झिजते?” मग चष्मा काढून पुसत म्हणाली, “तू तं घरचा हायेस गा. तू काहून येत नाहीस?”

“येईन,” म्हणालो आणि पान उलटलं.

तेरावं झालं तरी निमंत्रणं थांबेनात. एक दिवस जरी कोणी उघडला नाही की खेळ आपणहून ती पाठवतो, असं भाच्याने सांगितलं. “मामा, आईचं खातं बंद करून टाकतो. माही सासू घाबरून राहिली. मोबाईल पिठाच्या डब्यात ठेवला तिनं.”

“उद्या कर,” मी म्हणालो. “मले एकदा जाऊन येऊ दे.”



त्या दुपारी मी पहिल्यांदा ‘होय’ दाबलं. आधी ढग सरकले. मग एक विहीर दिसली, कौलारू घर दिसलं, वाळून करडा पडलेला गहू दिसला. वारा नसताना तो हलत होता. तिच्या कुंपणाला लागून एक तुकडा तिने राखून ठेवला होता. विहिरीपासून तिथवर पाट काढलेला होता आणि पाटीवर माझं नाव होतं. गव्हाला पाणी कसं द्यायचं ते मला येईना. विचारायला ती हवी होती. घरामागून येईल, पदराला हात पुसत, असं वाटून मी पडद्याकडे पाहत राहिलो. थोड्या वेळाने पडदा आपोआप विझे, मी पुन्हा बोट लावी.

दुसऱ्या दिवशी भाच्याने खातं बंद केलं.

आता बोलावणी येत नाहीत. ताईचं शेत तिथे नाही. माझा तुकडा आहे. त्यात मी अजून काही पेरलेलं नाही.