कानातला कापूस

शेजारच्या हळदीत काल संध्याकाळभर डीजे वाजत होता. मी कानांत कापसाचे बोळे घालून बसलो आणि हल्लीच्या गाण्यांच्या नावानं बोटं मोडत राहिलो. त्यांच्यावर ओरडायलासुद्धा आता मला दम लागतो.

आज सकाळी अंग जड झालं होतं. चहाची वाट बघत ओट्यापाशी उभा राहिलो. बायको पोळ्या लाटता लाटता काहीतरी गुणगुणत होती. चाल साधी होती, जराशी उदास. लाटणं फिरेल तशी ती पुढे सरकायची आणि पोळी तव्यावर पडताना थांबायची. मला आई आठवली. तांदूळ निवडताना तीही अशीच गायची. माझ्या आवडीची निम्मी जुनी गाणी मी आधी तिच्याच तोंडून ऐकली. त्यांचा खरा गोंगाट पुढे कधीतरी रेडिओवर भेटला, पण तोवर ती घरची झाली होती.

"अशी गाणी आता होत नाहीत," मी म्हणालो. "कुठलं गं हे?"

"कालचंच की. चार वेळा लावलं त्यांनी."

मी उजव्या कानाला हात लावून बघितला. कापूस अजून तिथेच होता.