शिवेवरच्या पायवाटेवरची पोपटी साडी

ती घटना आजही आठवली की आधी माझा गोंधळ उडतो आणि मग हसू येतं. माझ्या निवृत्तीला तेव्हा थोडाच काळ उरला होता. कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या शिवेवर एकमेकांना खेटून वाढलेली दोन गावं आहेत. डांबरी रस्त्याने जायचं तर मोठा वळसा, पण मधून एक पायवाट जाते. भाताची खाचरं, आंब्यांची बाग, करवंदीच्या जाळ्या आणि एक ओढा. दोन्ही ग्रामपंचायतींनी मिळून वाट नीट केली, बाक बसवले, आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांची तिथे जत्रा भरू लागली. ओढ्याच्या अलीकडे, कर्जतच्या बाजूला, माझ्या पोलीस ठाण्याची हद्द होती, पलीकडे शेजारच्या ठाण्याची.

एके दिवशी अलीकडच्या गावातला एक टेंपोवाला ठाण्यात आला. त्याची आई आदल्या सकाळी त्या वाटेने फिरायला गेली ती परतलीच नव्हती. रात्रभर नातेवाइकांकडे शोधून तो थकला होता. मिसिंगची तक्रार दाखल करून घेत होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "साहेब, माज्या बायकोला धरा. तिनंच कायतरी केलंय."

शेजाऱ्यांचे जबाब घेतले. त्या सकाळी सासू-सुनेचं जोरात वाजलं होतं हे खरं. सून ओरडत होती, "आत्या, माज्या पोरीची झबली-फ्राकं जातात कुटं? त्यांना पाय फुटतात का?" शेजाऱ्यांच्या जबाबात भांडण दर वेळी थोडं वाढतं, हा माझा अनुभव. तिसऱ्या घरापर्यंत सुनेच्या हातात कोयता आला होता.

मग वाटेवरचे साक्षीदार. बाईच्या अंगावर पोपटी साडी होती, यावर सगळ्यांचं एकमत. पुढे सगळा आनंद. दूधवाला म्हणाला, ती खालापूरकडे चालली होती. रोज फिरायला येणारे एक पेन्शनर म्हणाले, साफ खोटं, ती कर्जतकडे येत होती. जाळीतली करवंदं तोडणाऱ्या बाईने तर तिला जाताना पाहिलं, येताना पाहिलं, आणि पुन्हा जाताना पाहिलं. आमचे हवालदार वैतागून म्हणाले, "साहेब, बाई फिरायला गेलती का कवायतीला?" मी त्यांना दटावलं, पण माझंही डोकं चालेनासं झालं होतं.

ओढ्याच्या काठावर चिखलात घसरल्याची खूण दिसली. माणसं उतरवून डोहात बांबूने चाचपायला सुरुवात केली. दोन्ही गावं काठावर जमली, आणि जो तो सुनेकडे बोट दाखवू लागला. ती कडेवरच्या पोरीला छातीशी धरून एका बाजूला उभी होती. तिच्याजवळ कोणी उभं राहीना. चौकशीसाठी तिला महिला पोलिसांबरोबर ठाण्यात पाठवलं, तेव्हा नवऱ्याने तिच्या हातातून पोरगी काढून घेतली.

दुपारी ठाण्याचा फोन वाजला. बाईचा आवाज होता. "त्या म्हातारीला पाण्यात शोधू नका. ती बरी हाय." एवढं बोलून फोन बंद. नंबर खालापूरकडच्या शिळफाट्यावरच्या एका औषध दुकानदाराचा निघाला. तो म्हणाला, एक उंच बाई पाय बांधायची पट्टी घ्यायला आली होती, तिने फोन मागितला. बेपत्ता बाई तर ठेंगणी. म्हणजे ही कोण? कोणाचा पाय? मला काही उमजेना.

सुनेला पुन्हा समोर बसवलं. नवऱ्याचा विषय टाळून साधाच प्रश्न विचारला. "ती पोपटी साडी कुठली?"

"लग्नातली मानाची हाय," ती म्हणाली. "माज्या आईनं इहीण म्हणून आत्यांना दिली. दुकानात रंग आवडला, तवा तशीच दुसरी तिनं सोताला..."

म्हणजे पोपटी साड्या दोन होत्या. औषध दुकानातली उंच बाई मला आठवली.

"आई उंच आहे का गं तुझी?"

"व्हय."

"कुठे राहते?"

"वड्यापल्याड. पन दोन वर्सं झाली, भेट नाय. बारशाला मानपानावरनं भाऊ नि ह्ये भांडले. त्या घरचं कोन दिसलं तर बघा, अशी शपत घातलीय ह्यांनी."

शेजारच्या ठाण्याला कळवून आम्ही ओढ्यापलीकडच्या त्या घरी गेलो. बेपत्ता बाई खाटेवर, पाय उशीवर, पायाला हळदीचा लेप आणि वर पट्टी. उशाशी नातीची झबली आणि फ्राकं रचून ठेवलेली. उंच विहीणबाई चहा गाळत होत्या. आम्हाला बघून गाळणं खाली पडलं.

हकिगत अशी. सुनेचं माहेर तुटलं हे सासूला सोसेना. म्हणून ती फिरायच्या निमित्ताने वाटेवर विहिणीला गाठायची, लेकीची खुशाली सांगायची, नातीचे कपडे दाखवायला न्यायची. त्या दिवशी नातीचा वाढदिवस होता, म्हणून दोघी ठरवून मानाच्या साड्या नेसून आल्या होत्या.

"पण एवढ्या येरझाऱ्या कशाला?" मी विचारलं.

"मी हिला वड्यापोतर पोचवते," सासू म्हणाली. "मग ही मला आंब्यापोतर सोडते. मग मला वाटतं, ही एकली कशी जाईल?"

बाईबरोबर आणखी कोणी होतं का, हे मी साक्षीदारांना विचारलंच नव्हतं. अशाच एका पोचवणीत सासूचा पाय घसरला. विहिणीचा मुलगा बाहेरगावी होता, म्हणून तिला घरी आणता आलं. सूज उतरली की गुपचूप जाऊ, असं दोघींनी ठरवलं. टेंपोवाल्याची शपथ मोडल्याचं कळू नये म्हणून त्यांनी एका निनावी फोनवर भागवलं होतं, आणि आम्ही डोह ढवळत होतो! मी चांगलाच तापलो. दोघी मान खाली घालून ऐकत होत्या, आणि मधेच एक दुसरीला म्हणाली, "च्या घे गं, निवल."

दोघींना ठाण्यात आणल्यावर टेंपोवाला आईवर ओरडला, "मी शपत घातलीवती ना?"

"तू घातलीस रं," ती म्हणाली. "मी कुटं घेतली?"

त्याने पोरगी बायकोच्या हातात दिली. सासूने ते फ्राकांचं गाठोडं पुढे केलं, तेव्हा सकाळपासून न रडलेली ती सून आईच्या गळ्यात पडून रडली.

त्या प्रकरणाने मला एवढं शिकवलं की माणूस कुठे चाललंय हे विचारताना ते कोणासाठी चाललंय हेही विचारावं. पुढच्या प्रत्येक तपासात मी ते विचारलं.

विहीणबाईंना सोडायला जीप काढली. सून आईला जीपपर्यंत पोचवायला गेली. आई पुन्हा तिला ठाण्याच्या पायरीपर्यंत सोडायला आली. मग सून पुन्हा निघाली. चालकाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला इंजिन बंद करायला सांगितलं.