दंडावरची देवी

आमच्या दिग्रसच्या घरी माझा पासपोर्ट आला, त्या दिवशी आळीतल्या बायका तो पाहायला जमल्या होत्या आणि मी स्वयंपाकघरात तोंड लपवून बसले होते. साठ सालानंतरची ही गोष्ट आहे. परदेशी जाणारी बाई म्हणजे तेव्हा नवलच होतं. जी ती ते पुस्तक हातात घेई, माझा फोटो पाही आणि म्हणे, "चांगली बसली बाई डोक्यावर पदर घेऊन!" यजमान तहसील कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनी हे पुस्तक तीन महिने अर्ज करकरून मिळवलं होतं, म्हणून ते सगळ्यांना कौतुकानं दाखवत होते. मी मात्र बाहेर येत नव्हते. कारण पासपोर्ट आला तरी मी जाणार नाही, हे मला ठाऊक होतं आणि ते सांगण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं.

जायचं होतं नैरोबीला, माझ्या एकुलत्या एका लेकीकडे. कुसुमचे यजमान तिकडे रेल्वेत नोकरीला होते. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि त्यात दोनदा दिवस भरण्याआधीच तिचं मूल गेलं. तिसऱ्या वेळी तिचं पत्र आलं. एरवी चार पानं लिहिणारी पोर, त्या पत्रात चारच ओळी होत्या. "आई, दिवाळीच्या सुमारास दिवस भरतील. मला फार भीती वाटते. या वेळी तू हवीस." ते पत्र मी देवाच्या मागे ठेवलं आणि यजमान त्याच दिवशी अर्जाचे कागद आणायला धावले.

कागदांचं तर विचारू नका. जावईबापूंचं हमीपत्र, तिकडचा प्रवेश परवाना, मॅजिस्ट्रेटसाहेबांची सही, फोटोच्या प्रती. जन्मतारीख विचारली तेव्हा मी म्हटलं, पैनगंगेला मोठा पूर आला त्या साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. यजमानांनी कपाळाला हात लावला आणि जुनी पंचांगं काढून बसले. एकदा अर्ज भरता भरता त्यांनी विचारलं, "अंगावरची ठळक खूण विचारून राह्यले. काय लिहू?" मी म्हटलं, "लिहा, जीभ लांब." ते हसले आणि त्यांनी 'डाव्या गालावर तीळ' असं लिहिलं. तोवर सगळं हसत खेळत चाललं होतं.

अडलं ते टोचण्याच्या पुस्तिकेपाशी. पासपोर्टाबरोबर दुसरी एक छोटी पुस्तिका लागे. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, आणि देवीची लस घेतल्याचा दाखला त्यात डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी असावा लागे. त्याशिवाय बोटीवर घेत नसत आणि घेतलंच, तर पलीकडच्या बंदरावर उतरू देत नसत. पटकीची सुई मी मुकाट्यानं घेतली. पण देवीची लस मला जन्मात कुणी टोचली नव्हती आणि ती का टोचली नव्हती, हे मी लग्न झाल्यापासून घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

माझं माहेर फुलसावंगीचं. मी तीन वर्षांची असताना माझ्याहून मोठा भाऊ देवीच्या साथीत गेला. आमच्याकडे देवी आल्या, की 'माता अंगावर आली' असंच म्हणत. माझ्या आईनं तशीच माहूर गडाची वाट धरली आणि रेणुकामातेपुढे मला जमिनीवर ठेवून म्हणाली, "ही पोरगी आता तुही. हिच्या अंगाले मी कोणाची सुई लागू देत नाही. तूच सांभाळ." ते शब्द तिनं अक्षरशः पाळले. गावात लस टोचणारा आला, की आई मला ज्वारीच्या रिकाम्या कणगीत उतरवी आणि वरून झाकण ठेवी. त्या अंधारात, धान्याच्या वासात, श्वास रोखून बसलेली मी मला अजून आठवते. आई गेली, पण तिचा शब्द माझ्या अंगावर तसाच राहिला. कुसुमला तिच्या वडिलांनी मला न विचारता शाळेत टोचून आणली, तेव्हा मी चार दिवस अबोला धरला होता. कारण मात्र सांगितलं नव्हतं.

शेवटी लेकीच्या पत्रापुढे माझं काही चालेना. सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी दंडावर लसीचा थेंब ठेवून त्यावर बारीक हत्यार फिरवलं आणि बजावलं, "याला पाणी लावू नका, काही चोपडू नका. आठव्या दिवशी दाखवा. फोड उठला तरच मी सही करीन." मी मान हलवली. घरी आले आणि न्हाणीघरात शिरून कडुलिंबाच्या पाण्यानं तो दंड खसाखसा धुतला. वर हळद दाबली. मातेचा कोप होऊ नये म्हणून आमच्याकडच्या बायका जे करत आल्या, तेच केलं. डॉक्टरांचाही मान राहील आणि आईचाही शब्द राहील, असा माझा हिशेब. एका दगडात दोन पक्षी मारायला निघाले होते.

आठव्या दिवशी दंड कोरा. डॉक्टर म्हणाले, लागली नाही, पुन्हा टोचावी लागेल. यजमान लसीवर चिडले, उन्हावर चिडले, ती ज्या गाडीतून आली त्या गाडीवरही चिडले. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. बोट सुटायला अठरा दिवस उरले होते. गावातलं एक व्यापारी कुटुंब त्याच बोटीनं परतणार होतं, त्यांची सोबत ठरली होती. पुढची बोट महिन्यानंतरची, म्हणजे बाळंतपण होऊन गेल्यावरची.

त्या संध्याकाळी यजमानांचे एक स्नेही आले. म्हणाले, "एवढं काय त्यात? माह्या ओळखीचा एक जण शिक्का मारून देते. बंदरावर कोण दंड पाह्यते?" यजमान कोरी पुस्तिका चाळत राहिले. या माणसानं उभ्या आयुष्यात खोट्या कागदावर सही केली नव्हती. त्यापायी बढती घालवली होती, नातलगांचे टोमणे ऐकले होते. ते हळूच म्हणाले, "कुसुमसाठी करतो." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या न्हाणीघरातल्या लबाडीपायी हा सरळ माणूस वाकायला निघाला होता. मी म्हटलं, "दोन दिवस थांबा. मी गडावर जाऊन येते." त्यांना वाटलं, लेकीसाठी नवस बोलायला चालली आहे. मी तसंच वाटू दिलं.

पुसदवरून एस.टी.नं माहेरी गेले, रात्र काढली आणि सकाळी धाकट्या भावाला घेऊन माहूरला निघाले. पैनगंगेला पाणी होतं, डोंग्यानं पार झालो. भावाचे गुडघे धरलेले, तो पायथ्याशीच बसला. मी एकटी चढले. सगळ्या वाटेनं मनात एकच होतं, की मातेला विचारायचं, मी काय करू? शब्द मोडू की लेक सोडू? पण गाभाऱ्यात त्या मोठ्या शेंदरी मुखापुढे उभी राहिले आणि काही विचारताच येईना. मागून लोटालोटी झाली, पुजाऱ्यानं विड्याचा कुटलेला तांबूल हातावर ठेवला आणि मी बाहेर पडले. इतक्या लांब येऊन रिकामीच परतत होते. उतरताना एका पायरीवर बसले आणि मला रडू कोसळलं.

"काहून रडून राह्यली वं बाई?" शेजारून आवाज आला. एक बंजारा बाई बसली होती, माझ्यापेक्षा थोडी वयस्क. आरशांची जुनी काचोळी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, पुढचा एक दात पडलेला. तिला मी का सांगितलं, ते मला आजही कळत नाही. नवऱ्याला पंचवीस-सव्वीस वर्षांत जे सांगितलं नाही, ते कणगीपासून कडुलिंबाच्या पाण्यापर्यंत सगळं तिच्यापुढे ओतलं.

मग तिनं कोपराच्या वरच्या बांगड्या ताकदीनं वर सरकवल्या. आत, कधी ऊन न लागलेल्या कातडीवर, देवीच्या लसीचे दोन मोठे वण होते. "हे पाह्य. आमच्या तांड्यात एका सालात लय लेकरं गेले. माहेबी दोन गेले. मंग टोचणारा आला तं लोकं जंगलात पळाले. आमच्या नायकानं पयले आपला दंड पुढं केला. म्हणे, याडी येऊन राह्यली, तिले जागा द्या." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. "म्या बसायची जागा सारवली, दिवा लावला अन् दंड पुढं केला. आठ दिवस याडी माह्या अंगावर राह्यली. ताप आला, फोड आला. आली तशी गेली. तवापासून तांड्यात कोणाचं लेकरू तसं गेलं नाही."

मी म्हटलं, "पण माझ्या आईनं शब्द दिला होता."

"तुह्या मायनं तुले कोणाच्या हवाली केलं?"

"रेणुकामायच्या."

"मंग तिची वस्तू तू कायले लपवून राह्यली? माय कशी येईन, सुईनं येईन का तापानं येईन, थे तिचं तिले ठरवू दे. तू तं तिले घरी बोलावलं, अन् उंबरठ्यावरूनच धुवून काढलं. पाहुणीले कोणी असं करते का?"

एवढी वर्षं मी स्वतःला भाविक समजत होते. मातेवर सोपवलेली होते, आणि तिच्यापासूनच लपून बसले होते. माझ्या मुठीतला तांबूल तसाच होता. तिनं त्यातला अर्धा उचलून माझ्या तोंडात घातला, अर्धा आपल्या. म्हणाली, "चाय पाजतं का?" पैसे भावाकडे होते. मी म्हटलं, खाली चला, पाजते. पायथ्याशी पोचून वळून पाहिलं, तर मागे ती नव्हती. भावाकडून पैसे घेऊन पुन्हा अर्ध्या वाटेपर्यंत चढले. दिसली नाही.

घरी आल्यावर आधी यजमानांना सगळं सांगितलं. रागावतील म्हणून मी पदराचं टोक पिळत उभी होते. ते एवढंच म्हणाले, "अगं, मले आधी सांगतलं असतं तं मी लसीले एवढ्या शिव्या कायले दिल्या असत्या?" आणि चष्मा पुसत बसले. शिक्क्याचा विषय तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण सारवलं, देवापुढे दिवा लावला आणि दवाखान्यात जाऊन स्वतःच बाही वर केली. या खेपेला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. चौथ्या दिवशी दंड ठणकू लागला, मग ताप भरला, फोड टपोरा उठला. घरात माता आली की पाळतात तसं मी पाळलं. फोडणी बंद, दाराला लिंबाचा डहाळा, कुणाला वाकडा शब्द नाही. यजमान आठवडाभर बिनफोडणीचं वरण बिनतक्रार जेवले आणि आळीत सांगत फिरले, की आमच्याकडे पाहुणी आली आहे. आठव्या दिवशी डॉक्टरांनी दंड पाहिला, "छान उठली," म्हणाले आणि पुस्तिकेवर सही केली. बोटीला आठवडाच उरला होता.

मोंबासा बंदरावर उतरताना गोऱ्या अधिकाऱ्यानं पुस्तिका उलटून पाहिली, मग माझ्या बाहीकडे बोट दाखवलं. मी ती वर केली. खपली अजून धरलेली होती. त्यानं मान हलवून मला पुढे सोडलं. माझ्या मागच्या एका बाईंना मात्र बाजूला बसवून घेतलं. त्यांच्याकडे काय कमी होतं, कुणास ठाऊक. त्यांच्या रडण्यानं माझेही डोळे भरले. खोटा शिक्का घेऊन आले असते, तर त्या बाकावर मी असते आणि कुसुम तिकडे एकटी वेणा देत असती.

गडावरची ती बाई कोण, हे मला माहीत नाही. परत आल्यावर फुलसावंगीकडच्या दोन-तीन तांड्यांत विचारलं, दर नवरात्रात गडावर शोधलं. यजमान चिडवतात, "रेणुकामाय का चहा मागते?" मी म्हणते, का नाही मागणार? तिचा एक चहा माझ्याकडे राहिला आहे, हे मात्र खरं, आणि म्हणून मी दर खेपेला पदराला सुटे पैसे बांधूनच गड चढते. सोपवलं म्हणणं फार सोपं असतं. सोपवल्यावर कणगीचं झाकण उघडं ठेवणं कठीण, ते तिनं मला शिकवलं. माझ्या आईवर माझा राग नाही. तिनं भीतीपोटी जे केलं, ते मायेनंच केलं होतं.

कुसुमला मुलगी झाली. दोन रात्री आम्ही फार हाल पाहिले, पण दोघी सुखरूप राहिल्या. मी तिथं चार महिने होते. निघायच्या आधी एक दिवस लस टोचणारी नर्स घरी आली. कुसुमनं बाळाला छातीशी धरलं आणि तोंड फिरवून म्हणाली, "आई, माझ्यानं नाही पाहवत. तू घे तिला." मी त्या सकाळी कुणाला न सांगता उंबरठा पुसून कुंकू वाहिलं होतं. नातीला मांडीवर घेतलं, तिची इवलीशी बाही वर सरकवली आणि मनात म्हटलं, ये माय, पाट मांडलाय.