टीव्हीतली चादर

पुतणीनं टीव्हीवर एक गेम लावला. रिमोट हातात धरून जोरात झटकायचा, की टीव्हीतली ओली चादर झटकली जाते आणि दांडीवर वाळत पडते. मी तो असा झटकला की बनियन घामानं भिजलं. टीव्हीतून टाळ्या वाजल्या आणि मी अडाणी माणूस कोंबड्यासारखा फुगलो.

तेवढ्यात गॅलरीत बायको दिसली. तिचा उजवा खांदा आखडलाय. डाव्या हातानं ती खरी चादर काठीवर घेऊन दांडीवर टाकत होती आणि चादर सारखी तिच्याच डोक्यावर पडत होती.

असला संताप आला! आधी टीव्हीचा. मेल्या, हिनं जन्मभर चादरी झटकल्या, तेव्हा कुठं गेल्या होत्या तुझ्या टाळ्या? मग वाटलं, त्याला कशाला शिव्या घालतोस? त्याला गॅलरी दिसत नाही. तुला दिसते ना, बैला?

आणि ओरडलो कुणावर, तर तिच्यावरच. "अगं, हाक मारायची ना!"

"दोनदा मारली. तुम्ही कामात होता. आता ती टीव्हीतली चादर वाळली असेल तर घडी घालून ठेवा. आज तिच्यावरच झोपायचंय तुम्हाला."